आर्डिसचा कागद आणि एक्केचाळीस नंबर

ऑगस्ट लागला की ऑर्लिन गावात मक्याची कणसं भरायला लागतात आणि आर्डिस व्होंद्राचेक आपली हिरवी वही बाहेर काढते. कणसांचं थोडं मागंपुढं होतं, वहीचं होत नाही.

आर्डिसचं वय सहासष्ट. गेली अठ्ठावीस वर्षं ती शाळेची बस चालवते. लूप नदीच्या कडेकडेनं जाणारी उत्तरेची फेरी, एकवीस शेतघरं, सगळा कच्चा रस्ता. अंगानं बुटकी, आवाजानं दांडगी. मागच्या बाकावर कुणी कुणाला चिमटा काढला तर आरशात न बघता तिला कळतं. नवरा रूडी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अमेरिकी फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळात, त्याला काडीचा रस नव्हता. मॅचच्या दिवशी तिला मैदानाच्या दाराशी सोडायचा आणि गाडीतच तोंडावर टोपी ओढून घोरायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. तो होता तेव्हा आणि नंतरही आर्डिसची जागा एकच, चौदावी रांग, मधल्या रेघेच्या जरा डावीकडं.

खेळ तिला कळायला लागला तो गोठ्यात. बाप शनिवारी दूध काढायला बसला की रेडिओ लावायचा, आणि मैदान न बघता खेळ डोळ्यांपुढं मांडायची सवय पोरीला तिथंच लागली. बाप मध्येच विचारायचा, "आर्डी, आता काय करतील?" ती सांगायची. बरोबर निघालं तर बाप काही बोलायचा नाही. चुकलं तर धार काढायची थांबवायचा आणि म्हणायचा, "का चुकलं ते सांग."

पुढं तिनं गावासमोर तेच चालवलं. गावच्या टेकडीवर लूप व्हॅली कॉलेज आहे, त्याच्या टीमचं नावच नांगरवाले. दर ऑगस्टमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सगळ्या गावाचं जेवण होतं. भाजलेलं डुक्कर, पिठाचे उकडलेले गोळे, आंबट कोबी, आणि ज्यांची आजी बोहेमियाहून आली त्या घरांतून आलेले कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. जेवण अर्ध्यावर आलं की आर्डिस उभी राहते आणि यंदा नांगरवाले कसे खेळतील त्याचा कागद वाचते. आधी गेल्या वर्षीच्या चुका, एकेक, आकड्यांसकट. मग यंदाचं. आणि हॉलमध्ये वाचलेलं बदलायचं नाही, पुढच्या बुधवारी साप्ताहिकात जसंच्या तसं छापायचं. कोचसुद्धा तो अंक मागवून घेतो म्हणतात.

लोक तिच्या कागदावर विश्वास ठेवतात कारण ती कुणाची भीड धरत नाही. सख्ख्या भाच्याबद्दल तिनं लिहिलं होतं, 'हा पोरगा चेंडू पकडत नाही, चेंडूपासून स्वतःला वाचवतो.' बहीण दोन वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. भाच्यानं पकडलेल्या चेंडूंचा आकडा मात्र आर्डिसच्या अंदाजापेक्षा एकानं कमीच भरला.

यंदा पाळी एल्डन श्रॅमच्या पोराची होती.

एल्डन म्हणजे चौदाव्या रांगेतला शेजारी. सत्तावीस वर्षं तो तिच्या उजव्या हाताला बसतो. गावाबाहेर सहाशे एकर, अल्फाल्फा गवत आणि मका. बोलणं कमी, पण मैदानात बसला की तोंडाला विसावा नाही. रूडी गेल्यानंतरच्या पहिल्या मॅचला सगळे तिला काही ना काही सांत्वनाचं बोलून गेले. एल्डननं आपली बसायची जाड उशी तिच्या जागेवर ठेवली आणि स्वतः थंडगार पत्र्यावर बसला. पुढच्या मॅचला तो दोन उशा घेऊन आला. तेव्हापासून दोन उशा तोच आणतो. मैदानाबाहेर दोघं कधी एकत्र जेवले नाहीत, पण आर्डिसला विचाराल तर आठवड्यातलं माणसाशी बसणं ते तेवढंच.

तरुणपणी एल्डन नांगरवाल्यांचा फुलबॅक होता. चेंडू नेणाऱ्याच्या पुढं बैलासारखं डोकं खाली घालून धावायचं आणि वाट फोडायची, हे फुलबॅकचं काम. नंबर एक्केचाळीस. त्याचा धाकटा ट्रेंटही तेच खेळायचा, तोच नंबर घालून, आणि यंदा त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ट्रेंट पाच वर्षांचा असल्यापासून अठरा होईपर्यंत आर्डिसच्या बसमध्ये चौथ्या बाकावर बसला. रोज हातात कोलाच, आणि खाऊन झालं की दोन्ही तळवे पँटच्या मागं पुसायचे. आर्डिसनं तेरा वर्षं त्याला रुमाल दिला, त्यानं तेरा वर्षं पँट वापरली.

पण आता कोच नवा होता. जुने कोच हार्म्स एकोणीस वर्षं एकच पद्धत खेळले, चेंडू पोटाशी धरायचा आणि मधूनच घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, मग पुन्हा चार मिळतात, त्यांचं गणित एवढंच. शेवटी शेवटी समोरच्यांनाही ते पाठ झालं. गेल्या वर्षी तीन मॅच जिंकल्या, सात हरल्या. नवे कोच डेनहॉम टेक्सासकडून आलेले. खेळाडू मैदानभर पसरायचे आणि चेंडू फेकायचा, अशी त्यांची रीत. असल्या खेळात फुलबॅक लागत नाही.

लोकांना दाखवायचा सराव शनिवारी सकाळी झाला. एल्डन आला नाही. तिसऱ्या कापणीचं गवत पडलं होतं आणि पाऊस सांगितला होता. आर्डिस चौदाव्या रांगेत एकटीच वही उघडून बसली. खेळाडूंच्या नावांचा कागद पहिल्या मॅचलाच छापतात, त्यामुळं सरावाला नंबरावरूनच ओळखायचं. तिला सगळे पाठ होते.

बावन्न डाव तिनं मोजले. एकतीस फेकीचे, एकवीस धावण्याचे. एकवीसपैकी चौदा डाव एकाच जागेवरून गेले, समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीतल्या डाव्या गार्डच्या पाठीमागून. त्या गार्डचा नंबर त्रेसष्ट. हा तिच्या पाठांतरात नव्हता. तिनं लिहिलं, 'त्रेसष्ट कोण? बुटका, रुंद. समोरच्याला उचलत नाही, वळवतो. दर डावाआधी हात मागं पुसतो.'

फुलबॅक एकाही डावात आला नाही. आणि मैदानाच्या पलीकडल्या टोकाला, बचाववाल्यांच्या तिसऱ्या तुकडीत, तिला एक्केचाळीस नंबर दिसला. तीन वेळा उताणा पडला. चौथ्यांदा कोचनं त्याला बाहेर बसवलं.

दरवर्षी सराव संपला की आर्डिस खाली कुंपणापाशी जाते. पोरं शिरस्त्राणं काढून येतात, तिच्या बसमधली तर मिठ्या मारतात. यंदा ती खाली गेली नाही. हातात वही घेऊन ट्रेंटच्या तोंडाकडं बघायचं तिचं धाडस झालं नाही. ती मागच्या जिन्यानं उतरली आणि गाडी काढली.

मंगळवारी सकाळी धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात नेहमीची मंडळी कॉफीला जमली. फासे टाकायचे, हरेल त्यानं पुढचं भांडं चढवायचं. हरला कोठाराचा मॅनेजर लोवेल, जो नेहमीच हरतो.

"बाई, खरं सांग," लोवेल कॉफी मोजता मोजता म्हणाला, "हा टेक्सासवाला नांगर विकून पतंग उडवायला निघालाय की नाही?"

"गुरुवारी ये. ऐकायला मिळेल."

"गुरुवारी मी खाण्यात असतो. आत्ता सांग ना."

"तुझं तोंड रिकामं असतं कधी?"

सगळे हसले. एल्डनही हसला. त्याच्या बाह्यांना गवताचा भुसा चिकटला होता. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आर्डिस, माझं पोरगं कसं आहे गं? विचारलं तर नीट सांगत नाही. 'बरं चाललंय' म्हणतो आणि ताट उचलून आत जातो."

आर्डिसनं कपात बघितलं. "सरावात सगळंच कळतं असं नाही."

"हे तू बोलतेस?" एल्डन म्हणाला. "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "जे असेल ते लिही. माझ्याकडं बघून गाळू नकोस. पण चांगलं असेल तर जरा मोठ्यानं वाच. मला डाव्या कानानं कमी येतं."

कागद लिहायला तिला दोन दिवस लागले. एरवी एका बैठकीत होतो. शाळा सुरू व्हायच्या आधी बसची तपासणी असते. दिवे, दारं, टायर बघायचे आणि मधल्या वेळात ड्रायव्हरच्या जागेवर बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहायचं. पहिल्यांदा तिनं ट्रेंटचं नाव गाळूनच टाकलं. वाचून बघितलं तर कागद लबाड वाटायला लागला. फुलबॅक गेला हे लिहायचं आणि फुलबॅक कोण होता ते लिहायचं नाही, मग भाच्याचं कशाला लिहिलं होतं? आणि पोरगं सांगत नाही, बाप पहिल्या मॅचला उशी घालून बसेल, साडेतीन तास एक्केचाळीस शोधेल. ते शेजारी बसून बघायचं? तिनं नाव पुन्हा घातलं.

गुरुवारी हॉल भरला होता. आर्डिस उभी राहिली. गेल्या वर्षीच्या सात चुका तिनं वाचल्या, प्रत्येक चुकीला लोवेलनं चमच्यानं ग्लास वाजवला. मग यंदाचं.

"लोक म्हणतात, नव्या कोचनं नांगरणी सोडली. सोडलेली नाही. त्यानं शेत रुंद केलंय. गडी दोन्ही कडांना पसरायचे म्हणजे समोरच्यांनाही पसरावं लागतं, आणि मध्ये माणसं उरत नाहीत. फेकीला भुलू नका. पहिले दोन महिने त्या फेकी अर्ध्याअधिक जमिनीवर पडणार आहेत. यंदाची टीम उभी आहे ती डाव्या गार्डवर. नंबर त्रेसष्ट. हा कुठून आला मला ठाऊक नाही, पण जिथून आणला तिथं आणखी असतील तर आणा. तो टिकला तर सहा जिंकू, चार हरू. त्याचा गुडघा गेला तर गेल्या वर्षीसारखंच."

हॉलमध्ये कुजबुज झाली, कुणी टाळी वाजवली. आर्डिस पाणी प्यायली. एल्डन तिसऱ्या टेबलावर उजवा कान पुढं करून बसला होता.

"फुलबॅक या पद्धतीत नाही. ट्रेंट श्रॅमला बचावाकडं टाकलंय, तिसऱ्या तुकडीत. तिथं त्याचं काम नाही आणि तिथं तो उभा राहत नाही. शनिवारी तीनदा पडला. चार वर्षं घाम गाळलेल्या पोराला कोचनं हे तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल तर मी सांगते, एक्केचाळीस नंबर यंदा मैदानात दिसायचा नाही."

चमचा वाजला नाही. एल्डननं मांडीवरचा कागदी रुमाल घडी घालून ताटाशेजारी ठेवला, टोपी घेतली आणि बाहेर गेला. ताटात डुकराचं मांस तसंच होतं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, त्याच्या ट्रकचं दार आपटल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. आर्डिसनं उरलेला कागद वाचून संपवला. काय वाचलं ते तिला नंतर आठवलं नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती बसच्या शेडवर गेली तर पायरीवर ट्रेंट बसलेला. उठला, तळवे पँटच्या मागं पुसले.

आर्डिस जागच्या जागी थांबली.

"मिसेस व्ही," तो म्हणाला, "त्रेसष्ट मी आहे."

आर्डिसच्या हातात किल्ली तशीच.

"एप्रिलमध्ये कोच म्हणाले, फुलबॅक ठेवणार नाही, पण गार्ड म्हणून खेळशील तर पहिल्या तुकडीत घेतो. फळीत खेळायचं तर पन्नास ते एकोणऐंशीमधलाच नंबर लागतो. तुम्हाला माहीतच आहे."

"मला माहीत आहे," आर्डिस म्हणाली. "मला सगळं माहीत आहे. फक्त तू कोण ते माहीत नव्हतं. आणि पलीकडं पडत होता तो?"

"ओमाहाचा एक नवा पोरगा. रिकामा होता म्हणून एक्केचाळीस त्याला दिला."

"तुझ्या बापाला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? जेवायच्या खोलीत त्यांचा एक्केचाळीसचा अंगरखा काचेत लावलाय. रोज त्याच्याखाली बसून जेवतो आम्ही. मी म्हटलं, पहिल्या मॅचला जिंकलो की सांगू." त्यानं मान खाली घातली. "आता ते समजतात मी तिसऱ्या तुकडीत लोळतोय. काल घरी आले ते थेट गोठ्यात गेले. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात."

"माझी चूक मी सांगीन," आर्डिस म्हणाली. "नंबर तू सोडलास, ते तू सांगायचं. चल, बस आत."

तपासणीनंतर बस एकदा पूर्ण फेरीवर न्यावीच लागते. आर्डिसनं ती त्याच सकाळी नेली. दोनशे चाळीस पौंडांचा गडी गुडघे छातीशी घेऊन चौथ्या बाकावर बसला, पुढं सरकून बसला नाही. अर्ध्या वाटेत ती आरशात न बघता म्हणाली, "दर डावाला हात मागं पुसतोस. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं. तेरा वर्षं बघितलेलं, आणि ओळखलं नाही."

"शिरस्त्राण होतं मिसेस व्ही."

"शिरस्त्राण काढल्यावर मी कुंपणाशी आले असते तर?"

ट्रेंट खिडकीबाहेर मका बघायला लागला.

एल्डन गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राखाली पाठीवर पडून दोरा ओवत होता. अंगणात पिवळी बस येऊन उभी राहिलेली बघून तो बाहेर सरकला आणि बसूनच राहिला. ट्रेंट उतरला, मागोमाग आर्डिस.

"शाळा सुटली वाटतं," एल्डन म्हणाला.

"एल्डन, काल मी चुकीचं वाचलं," आर्डिस म्हणाली. "पद्धतीबद्दलचं शब्दन् शब्द बरोबर आहे. पोराबद्दलचं चुकलं. का चुकलं तेही सांगते. मी नंबर बघितला, माणूस बघितला नाही. तुझ्या पोराच्या डोळ्याला डोळा देववेना म्हणून खाली उतरले नाही. उतरले असते तर चुकले नसते. तुला ताटावरून मी उठवलं."

एल्डननं पोराकडं बघितलं. ट्रेंटनं घसा साफ केला आणि एका दमात सगळं सांगितलं, एप्रिलपासून. बोलताना दोनदा हात मागं गेले.

एल्डननं यंत्राच्या चाकात अडकलेलं गवत उपटून काढलं. मग म्हणाला, "गार्ड?"

"डावा गार्ड."

"चेंडूला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही गार्डला."

"नाही."

"चार महिने तू त्या अंगरख्याखाली बसून जेवलास."

"हो."

"मग मीठ मागायच्या ऐवजी हे बोलायचं होतंस, गाढवा." आवाज चढला नव्हता, पण ट्रेंटचे कान लाल झाले. एल्डननं खिशातून फडकं काढलं, एकेक बोट पुसलं. "आर्डिस, तो त्रेसष्टवाला भाग काय होता? काल डाव्या बाजूनं लोवेल मचामचा खात होता, नीट ऐकू आला नाही."

आर्डिसनं वही उघडली. खरं तर त्यानं सगळं ऐकलं होतं, हे तिलाही कळत होतं. ती मोठ्यानं वाचायला लागली, शेत रुंद केलंय इथपासून. 'जिथून आणला तिथं आणखी असतील तर आणा' याला एल्डनच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"इथं आणखी नाहीत," तो म्हणाला. "थोरला बँकेत आहे." मग उठून उभा राहिला, गुडघा धरून. "आणि एक्केचाळीस त्या ओमाहाच्या पोराकडं. तीनदा पडला म्हणालीस?"

"तीनदा."

"ट्रेंट, त्याला सांग कुणीतरी, त्या नंबराला पाठ टेकायची सवय नाही. पाय कसे रोवायचे ते दाखव. नाहीतर रविवारी जेवायला आण, मी दाखवतो."

ट्रेंट यंत्राखाली शिरला, राहिलेला दोरा ओवायला. एल्डन आर्डिसबरोबर बसच्या दारापर्यंत आला. ती पायरीवर चढली. त्यानं दाराच्या काचेवरचा धुरळा कोपरानं पुसला, उगाच.

"बुधवारी तसंच छापशील ना?"

"वाचलेलं बदलायचं नाही, ठरलेलं आहे. तुझ्या पोराबद्दल वाईट छापून येईल, सगळ्या गावात."

"येऊ दे. मग शनिवारी मॅचला गाव बघेलच." मग म्हणाला, "पण तुझ्या त्या सहा-चारचं मला पटलेलं नाही. पाच-पाच. फेकणारं पोरगं कच्चं आहे."

"तू सरावच बघितला नाहीस, तुला काय माहीत?"

"शनिवारी बोलू. माझ्या उशीवर वही ठेवत जाऊ नकोस, शाई लागते."

आर्डिसनं दार बंद केलं. उरलेल्या बारा शेतघरांची फेरी पुरी करून ती शेडवर परतली. इंजिन बंद केल्यावर तिनं स्टिअरिंगवर वही टेकवली, शेवटचं कोरं पान काढलं, आणि वर पुढच्या वर्षाचा आकडा टाकून लिहिलं:

'चूक पहिली. कुंपणापर्यंत गेले नाही.'